जुने व्हिडिओ गेम : छंद कीं छांदिष्टपणा ?

टपालाचीं तिकिटें जमविणाऱ्या मुलाचें घरांत कौतुक होतें. जुनीं नाणीं, शंखशिंपले, निरनिराळ्या झाडांचीं पानें यांचा संग्रह करणाऱ्या मुलीच्या वह्या पाहुण्यांपुढें मोठ्या अभिमानानें मांडल्या जातात. परंतु एकाद्या विद्यार्थ्यानें तीस वर्षांपूर्वींचें, टीव्हीला जोडावयाचें खेळाचें यंत्र कोठून तरी पैदा केलें, त्याच्या धूळ खात पडलेल्या कॅसेटी साफ केल्या, आणि तें पुन्हां चालूं करून दाखविलें, तर त्याच्या वांट्याला कौतुक न येतां बहुधा उपदेश येतो. ‘भंगार गोळा करून काय मिळणार ?’ असें कोणी म्हणतो. ‘खेळाचें वेड आधींच थोडें आहे काय?’ असें दुसरा विचारतो. हे दोन्ही प्रश्न वाजवी आहेत, व म्हणूनच त्यांस वाजवी उत्तर मिळालें पाहिजे. जुने व्हिडिओ गेम जमविणें, दुरुस्त करणें व खेळणें हा छंद विद्यार्थ्यांस शोभणारा आहे काय, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों. आमचें उत्तर होकारार्थी आहे. परंतु तो होकार सरसकट नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

प्रथम हे खेळ ‘जुने’ या संज्ञेस पात्र आहेत कीं नाहींत, तें पाहूं. १९५८ सालीं अमेरिकेंतील ब्रुकहेव्हन राष्ट्रीय प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम या पदार्थविज्ञानवेत्त्यानें, प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांचें मन रमावें म्हणून, ऑसिलोस्कोपच्या लहानशा गोल पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. १९६२ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत स्टीव्ह रसेल व त्याचे सोबती यांनीं ‘स्पेसवॉर’ हा खेळ कपाटाएवढ्या संगणकासाठीं रचला. नाझी राजवटींतून वयाच्या १६ व्या वर्षीं निसटून अमेरिकेस गेलेले राल्फ बेअर यांनीं घरच्या टीव्हीला जोडतां येईल असें यंत्र सिद्ध केलें, आणि त्यावरून १९७२ सालीं ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ बाजारांत आलें. त्याच वर्षीं अटारी कंपनीचा ‘पाँग’ निघाला. पुढें जपानांत १९७८ सालीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’, १९८० सालीं ‘पॅक-मॅन’, व १९८३ सालीं निन्टेन्डो कंपनीचें ‘फॅमिकॉम’ हें घरगुती यंत्र अवतरलें. १९८४ सालीं मॉस्कोंत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनीं ‘टेट्रिस’ रचला.

आमच्याकडे हा ओघ थोडा उशिरां पोंचला. १९९० नंतरच्या दशकांत फॅमिकॉमच्या नकला ‘टीव्ही गेम’ या नांवानें मध्यमवर्गीय घरांत शिरल्या, आणि उन्हाळ्याच्या सुटींत ‘मारिओ’ व ‘कॉन्ट्रा’ यांच्या कॅसेटी एका घरांतून दुसऱ्या घरांत फिरूं लागल्या. त्या वेळचीं मुलें आज पालक झालीं आहेत. त्यांतील कांहीं हा अंकही वाचीत असतील. तेव्हां ज्या वस्तूचा आम्ही विचार करीत आहों, ती कांहींच्या तर माळ्यावरच पडलेली असेल.

या छंदाचा पहिला गुण असा कीं, तो थोडक्यांत संसार करण्याची विद्या शिकवितो. १९७७ सालीं निघालेल्या ‘अटारी २६००’ या यंत्राची कामचलाऊ स्मृति अवघी १२८ बाइट होती. देवनागरीचें एक चिन्ह आजच्या प्रचलित पद्धतींत तीन बाइट जागा घेतें. म्हणजे त्या सगळ्या स्मृतींत आपलीं जेमतेम ४२ चिन्हें मावतील. एवढ्याशा जागेंत चेंडूचें स्थान, शत्रूची चाल, खेळाडूचे गुण इत्यादि सर्व कांहीं बसवावें लागे. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ मध्यें आरंभीं ५५ शत्रू असतात, व ते जसजसे कमी होतात, तसतशी उरलेल्यांची गति वाढते. हें मूळ योजनेंत नव्हतें. यंत्राला कमी आकृति काढाव्या लागल्यामुळें तें आपोआप जलद चालूं लागे. खेळाचे जनक तोमोहिरो निशिकादो यांनीं तें पाहिलें, व तो दोष दूर न करतां त्याचाच खेळाचा प्राण केला. ‘पॅक-मॅन’ची २५६ वी पातळी तर गणिताचा मूर्तिमंत धडाच होय. एका बाइटांत ० पासून २५५ पर्यंतच संख्या मावते. त्या पातळीवर फळें मांडण्याच्या हिशेबांत ही मर्यादा ओलांडली जाते, आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक अक्षरांनीं व चिन्हांनीं भरून जातो. द्विमान पद्धतीचा हा नियम फळ्यावर दहा वेळां सांगूनही जो विद्यार्थी विसरतो, तो हें दृश्य एकदां पाहिल्यावर सहसा विसरावयाचा नाहीं.

दुसरा गुण हातांस वळण लावण्याचा. जुनें यंत्र विकत घेतलें म्हणजे तें चालेलच असें नाहीं. बहुधा तें चालत नाहीं. मग कारण शोधावें लागतें. कॅसेट लागेना, कीं तिच्यावर जोरानें फुंकर मारावयाची, ही रीत एका सबंध पिढीनें श्रद्धेनें पाळली. वस्तुतः फुंकरीबरोबर तोंडांतील ओलावा धातूच्या पट्ट्यांवर बसतो व कालांतरानें त्या गंजतात. निन्टेन्डो कंपनीनेंही असें करूं नये म्हणून सांगितलें आहे. खरा उपाय म्हणजे कापसाच्या काडीला थोडें आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्या पट्ट्या पुसणें व पूर्ण वाळूं देणें. पिस्तुलाच्या खेळाचेंही असेंच. चाप ओढतांच पडदा क्षणभर काळा होतो, नंतर लक्ष्याच्या जागीं पांढरा चौकोन उमटतो, आणि पिस्तुलांतील प्रकाशग्राहक तो उजेड दिसला कीं नाहीं तें पाहतो. आधीं काळा पडदा हवा, तो अशासाठीं कीं पिस्तूल दिव्याकडे धरून कोणी लबाडी करूं नये! आजच्या सपाट टीव्हींत चित्र उमटण्यास किंचित् उशीर लागतो. त्या उशिरामुळें हा सारा मेळ बिघडतो व जुनें पिस्तूल त्यांजपुढें निकामी ठरतें. एवढें कोडें ज्या मुलानें आपल्या आपण सोडविलें, त्यानें वेळ फुकट घालविला असें आम्हांस म्हणवत नाहीं.

तिसरा गुण सर्वांत मोठा, व त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातें. हे खेळ नाहींसे होत आहेत. अमेरिकेंतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेनें २०२३ सालीं केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, त्या देशांत २०१० पूर्वीं प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ बाजारांत विकत मिळत नव्हते. ग्रंथालयांना असे खेळ दूरच्या अभ्यासकांसाठीं उघडून देतां यावेत, अशी मागणी तेथील स्वामित्वहक्काच्या कचेरीपुढें आली. ती २०२४ च्या ऑक्टोबरांत नामंजूर झाली. पुस्तक शंभर वर्षें कपाटांत राहिलें तरी उघडतांच वाचतां येतें. खेळाचें तसें नाहीं. कॅसेट हवी, यंत्र हवें, पडदा हवा, आणि चौघांपैकीं एकादी लहानशी बॅटरी संपली, तरी कित्येक कॅसेटींतील जपून ठेवलेली प्रगति कायमची पुसली जाते. १९८३ सालीं अटारी कंपनीनें न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो येथें कचऱ्याच्या खड्ड्यांत पुरल्या. २०१४ च्या एप्रिलमध्यें तो खड्डा उकरला गेला, सुमारें १,३०० कॅसेटी वर आल्या, व त्यांतील एक स्मिथसोनियन संग्रहालयांत जाऊन बसली. जी वस्तु एका पिढीनें कचरा म्हणून पुरली, ती दुसरीनें इतिहास म्हणून उकरली! आतां न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें २०१२ सालीं १४ व्हिडिओ गेम आपल्या संग्रहांत घेतले आहेत, आणि बर्लिन येथें तर १९९७ पासून याच विषयाला वाहिलेलें संग्रहालय आहे. परंतु आमच्या घरांत काय खेळलें गेलें, याची नोंद बर्लिनचा कोणी मनुष्य ठेवणार नाहीं. ती आम्हींच ठेवली पाहिजे.

येथवर गुण झाले. आतां दोषांकडे वळूं. पहिला आक्षेप वेडाचा. जागतिक आरोग्य संघटनेनें खेळाच्या विकृत आसक्तीला आपल्या रोगांच्या यादींत स्थान दिलें, व ती यादी १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली. त्यांत खेळ नवा कीं जुना, असा भेद केलेला नाहीं, हें आम्ही लपवीत नाहीं. जुना खेळही अभ्यास बुडवूं शकतो. पार्लरमधील यंत्रें तर नाणीं गिळण्यासाठींच रचलेलीं होतीं. मात्र घरच्या जुन्या खेळांत एक मोठा दिलासा आहे. एकदां कॅसेट घेतली कीं ती पुन्हां पैसा मागत नाहीं, मध्यरात्रीं हांक मारून जागें करीत नाहीं, व ‘आज आला नाहींस तर बक्षीस बुडेल’ अशी धमकी देत नाहीं. आजच्या मोबाइलवरील कित्येक खेळ हें सर्व करतात. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध तर संसदेला २०२५ च्या ऑगस्टांत कायदाच करावा लागला. शिवाय जुना खेळ बैठकीच्या खोलींत, सर्वांसमक्ष, दोघांनीं मिळून खेळावयाचा असतो. जो खेळ आजोबांसमोर खेळतां येतो, त्याचें भय पालकांनीं कमी बाळगावें.

दुसरा आक्षेप पैशाचा, व तो आम्हांस अधिक खरा वाटतो. २०२१ च्या जुलैमध्यें ‘सुपर मारिओ ६४’ या खेळाची एक सीलबंद प्रत अमेरिकेंत लिलांवांत १५ लक्ष ६० हजार डॉलरांस विकली गेली. ती उघडली तर तिची किंमत जाईल. म्हणजे जो खेळ खेळण्यासाठीं जन्मला, तो कधींच खेळला जाऊं नये, हीच त्याच्या किंमतीची अट! याला आम्ही छंद म्हणत नाहीं. हा सट्टा होय. आमच्या शीर्षकांतील ‘छांदिष्टपणा’ हा शब्द योजावयाचा असेल, तर तो येथें योजावा. पेटी बंद ठेवणाऱ्यापाशीं वस्तु असते, तींतील ज्ञान नसतें.

तिसरा आक्षेप पालक सहसा घेत नाहींत. तो आम्हीच घेतों. आमच्या घरोघरीं आलेल्या कॅसेटींपैकीं बहुतेक नकली होत्या. ‘९९९९९९ खेळ’ अशी चिठ्ठी लावलेल्या कॅसेटींत मोजकेच खेळ असत व तेच तेच पुन्हां निराळ्या नांवांनीं येत. मूळ कर्त्यांस त्यांतून कांहीं मिळालें नाहीं. आमच्या देशांत १९८४ च्या दुरुस्तीनें संगणकाच्या आज्ञावलीला कायद्यानें वाङ्मयकृतींत गणलें आहे. तेव्हां ती चोरणें व पुस्तक चोरून छापणें यांत नीतीच्या दृष्टीनें फरक नाहीं. मग त्या जुन्या कॅसेटी फेंकून द्याव्या काय ? आमच्या मतें, नाहीं. त्या ठेवाव्या, पण त्यांवर ‘नक्कल’ अशी स्पष्ट चिठ्ठी लावून ठेवाव्या; कारण त्या नकलांतूनच आमच्या एका पिढीला पडद्यावरील खेळाची ओळख झाली, हाही इतिहासच आहे. परंतु नवी नक्कल विकत घेऊं नये, व नक्कल अस्सल म्हणून कोणास विकूं नये. संग्राहकाची खरी परीक्षा त्याच्या कपाटांत नसून त्याच्या चिठ्ठ्यांच्या खरेपणांत असते.

खेळण्याविषयींही दोन शब्द. १९८९ सालच्या निन्टेन्डोच्या ‘टेट्रिस’ची २९ वी पातळी हाच मनुष्याच्या हाताचा शेवट, असें कित्येक वर्षें मानलें जात होतें. पुढें खेळाडूंनीं कळ दाबण्याच्या नव्या रीति शोधल्या, आणि २१ डिसेंबर २०२३ रोजीं १३ वर्षांचा एक अमेरिकन मुलगा १५७ व्या पातळीपर्यंत पोंचला. तेथें यंत्रच थिजलें! चौतीस वर्षांच्या जुन्या खेळांत एका शाळकरी मुलास नवी सीमा सांपडली. ‘या जुन्या वस्तूंत आतां पाहण्यासारखें काय उरलें ?’ असें म्हणणारांस हें पुरेसें उत्तर आहे. अर्थात् प्रत्येकानें विक्रमाच्या मागें लागावें असें आमचें म्हणणें नाहीं. एक खेळ नीट समजून घेणें हें पन्नास खेळ चाळण्याहून बरें, एवढेंच.

विद्यार्थिमित्रांनो, हा छंद धरावयाचा असेल तर थोडक्यांत धरा. एक यंत्र व पांच कॅसेटी पुरे. प्रत्येक वस्तु कोठून आली, कोणी वापरली, कोणत्या सालीं घेतली, याची वही ठेवा. पुढें वस्तूपेक्षां ती वहीच मोलाची ठरेल. परदेशांतून आलेलें यंत्र आपल्या २३० व्होल्टच्या विजेला सरळ जोडूं नका. जपानांत १०० व अमेरिकेंत १२० व्होल्ट असतात, आणि घाईचा एक क्षण यंत्राचा अखेरचा ठरतो. जुना जाड टीव्ही तर स्वतः कधींच उघडूं नका. वीज काढल्यावरही त्याच्या आंत जीवघेणा दाब सांठून राहतो. तें काम जाणत्या कारागिरावर सोंपवा, व तो करीत असतां शेजारीं बसून पाहा.

आणि पालकांस आमची एक विनंति आहे. येत्या दिवाळीच्या साफसफाईंत माळ्यावरून एकादी पिवळी पडलेली पेटी निघाली, तर ती तोलून भंगारवाल्यास देण्यापूर्वीं आपल्या मुलांस हांक मारावी. तीवर कोण खेळत असे, कॅसेट कोणाकडून उसनी आणली जाई, आणि कोणत्या पातळीवर नेहमीं हार होई, तें त्यांस सांगावें. यंत्र दुरुस्त होईल किंवा न होईल. परंतु ज्या गोष्टी कोणत्याही कॅसेटींत नाहींत, त्या मुलांच्या वहींत तेवढ्यानें उतरतील.