राबाची राख, मातीची पारख

अथर्ववेदातील पृथ्वीसूक्ताने भूमीला माता मानले. मातेची सेवा करावयाची, तर प्रथम तिची प्रकृती जाणली पाहिजे. आपण ती जाणतो काय, याचे उत्तर जुन्नर-आंबेगावच्या शिवारात शोधावे.

या तालुक्यांच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्याकडे, मुसळधार पावसाने जमिनीतील चुना धुऊन जातो आणि तांबडी माती आम्लधर्मी होते. तेथे लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला जखडून ठेवतात. पूर्वेस नारायणगाव-मंचरकडील चुनखडीयुक्त काळी जमीन याउलट अल्कधर्मी. तेथे लोह व जस्त पिकाला मिळेनासे होते आणि कोवळी पाने पिवळी पडतात. सामू 7 म्हणजे उदासीन माती. त्यात एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. तरीही दोन्हीकडे खताची गोणी मात्र एकच!

पश्चिमेकडील महादेव कोळी बांधव पिढ्यान् पिढ्या राब भाजत आले. शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या फांद्या भातरोपांच्या जागेवर पसरून उन्हाळ्यात पेटवावयाच्या, ही ती रीत. पुस्तकी पंडितांनी तिला अडाणीपणा ठरविले. वस्तुतः उष्णतेने वरच्या थरातील तणाचे बी मरते, मातीत बद्ध असलेले काही नत्र मोकळे होते आणि राखेने आम्लता उतरून पालाश मिळते. खाचरात पाणी साचले की आम्लता आपसूक कमी होते. रोपे मात्र पाणी न साचणाऱ्या जागेत वाढतात. म्हणून राख नेमकी तेथेच पडते. प्रयोगशाळेविना साधलेले हे भूमिशास्त्र नव्हे काय?

परंतु परंपरेचा अभिमान म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे. राबासाठी दरवर्षी ऐनासारखी झाडे ओरबाडली जातात, जाळलेल्या पाल्यातील नत्र हवेत जाते, उपकारक जिवाणूही होरपळतात. स्वदेशी ते युगानुकूल करावे, हा पं. दीनदयाळजींचा विचार येथे मार्ग दाखवितो. चारसूत्री भातलागवडीत रोपवाटिकेला भाताच्या तुसाची काळी राख देतात आणि खाचरात गिरिपुष्पाचा हिरवा पाला गाडतात. राबाचे मर्म राहते, वृक्षही वाचतो.

मात्र हीच राख पूर्वेकडील चुनखडीच्या रानात टाकली, तर अल्कता वाढून अपायच होईल. तेथे शेणखत, हिरवळीची खते आणि न जाळता कुजविलेले उसाचे पाचट हवे. कारण आपल्या उष्ण हवेत जमिनीतील सेंद्रिय कर्ब झपाट्याने झिजतो आणि तापलेल्या अल्कधर्मी मातीवर उघडा फेकलेला युरिया अमोनिया होऊन उडून जातो.

2015 मध्ये केंद्र सरकारने मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आणली. ती पत्रिका फडताळात ठेवण्यासाठी नाही. खताच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी ती वाचणे, हीच आज भूमातेची खरी पूजा होय.