पगार पाहून नवरा-बायको

ब्रिटनमध्ये परदेशी नवऱ्याला किंवा बायकोला बोलवायचं, तर तिथल्या जोडीदाराची कमाई वर्षाला किमान २९,००० पौंड हवी. २०१२ साली हा आकडा १८,६०० होता. एप्रिल २०२४मध्ये तो एका झटक्यात वाढवला. आता हिशेब पाहा. एप्रिल २०२५मध्ये तिथलं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. त्या दराने आठवड्याला साडेसदतीस तास राबलं, तरी वर्षाला चोवीस हजारही हातात पडत नाहीत. म्हणजे वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालणारी बाई कायद्यानेच ठरवलेला पूर्ण पगार घेते आणि तरी नवऱ्याला आणू शकत नाही! तिजोरीवर भार नको, हे सरकारचं म्हणणं. पण या व्हिसावर आलेल्याला सरकारी भत्ते मुळात मिळतच नाहीत. उलट आरोग्य अधिभार तोच भरतो. आणि पुण्यात चांगली नोकरी करणारी बायको अर्ज करते, तेव्हा तिचा इथला पगार सहसा धरतच नाहीत. हा सरळ अन्याय आहे. २०१७ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने अट तत्त्वतः वैध ठरवली, पण मुलांच्या हिताचा नियमांत पुरेसा विचार नाही, असं बजावलंही. त्यानंतर आकडा वाढलाच.