उंची कशाला, पकड बघा!

गाडी हा घरातल्या पुरुषांचा विषय, हे आपल्याकडे न बोलताच ठरलेलं असतं. रंग कुठला घ्यायचा एवढं बायकांना विचारतात. फार तर सीटकव्हर पसंत करायला सोबत नेतात. नव्या गाडीला ओवाळायचं, चाकाखाली लिंबं ठेवायची, पेढे वाटायचे, हे आपलं काम. टायर कुठले, कितीचे, गाडीखाली अजून काय काय बसवायचं, असा विषय निघाला की आपण चहा टाकायला उठतो. आणि त्या गाडीत बसतं कोण? सासूबाई, पोरं, माहेरपणाला आलेली लेक आणि आपण स्वतः!

म्हणून मैत्रिणींनो, आज स्वयंपाक, सणवार बाजूला ठेवून टायर आणि लिफ्ट किट या विषयावर लिहिते आहे. नाक मुरडू नका. हा विषय आपल्या घरातल्या पैशाचा आहे आणि आपल्या माणसांच्या जिवाचाही.

आजरा, गडहिंग्लज, चंदगडपासून खाली सावंतवाडीपर्यंत कुठेही बघा, जीपसारख्या गाड्यांची हौस वाढली आहे. बोलेरो तर २००० सालापासून आपल्या भागात घरचीच झालेली. २०२० मध्ये नवी थार आली, २०२३ मध्ये जिम्नी आली आणि तरुण पोरांना वेडच लागलं. गाडी घेतली की महिन्याभरात ती 'उंच' करून घ्यायची. त्यासाठी जे सामान मिळतं त्याला लिफ्ट किट म्हणतात. कुणी स्प्रिंगच्या वर किंवा खाली जाड चकत्या बसवतं, कुणी अख्खे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर बदलतं. गाडी दोन-तीन इंच वर उचलली जाते. मग मोकळी झालेली जागा रिकामी दिसते म्हणून मोठे, दातेरी टायर. फोटोत गाडी झकास दिसते, यात वाद नाही.

यंदा पावसाळ्याआधी आमच्या एकत्र घरातही हा विषय निघाला. बोलेरोचे टायर बदलायला झाले होते. धाकट्या दिरांनी एकदम मोठा बेतच मांडला, दोन इंचाचं लिफ्ट किट आणि त्यावर मोठे टायर.

"अहो भाऊजी, टायर झिजलेत तर टायर बदलू. गाडी उचलायची कशाला?" मी विचारलं.

"वहिनी, शेताकडच्या वाटेला खाली घासते की! आणि रुबाब नको होय गाडीला?"

घासते हे खरं होतं. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमुळे वाटेच्या मधोमध उंचवटा तयार होतो आणि गाडीचं पोट त्याला लागतं. त्यांची अडचण खोटी नव्हती. पण त्यावरचा उपाय बरोबर आहे का, हे घरात कुणी तपासलं नव्हतं. मग मी कंपनीचं पुस्तक काढून बसले, दोन जुन्याजाणत्या मेकॅनिकांना विचारलं. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट. लिफ्ट किटने गाडीची बॉडी वर जाते, सगळी गाडी नाही. बोलेरो, थारसारख्या गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये लोखंडी गोळा दिसतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. तो चाकांच्या आसाला जोडलेला असतो. वर बॉडी कितीही उचला, तो गोळा होता तिथेच राहतो. दगड त्यालाच आधी लागतो! तो वर न्यायचा तर टायरच मोठा हवा. आणि तोही किती वर जातो, ते बघा. बोलेरोचा टायर २१५/७५ आर १५ मापाचा असतो. त्याची उभी उंची साधारण ७०३ मिलिमीटर भरते. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घातला तर ती ७३३ होते. म्हणजे टायर ३० मिलिमीटरने मोठा झाला. पण चाकाचा मधला आस त्याच्या निम्माच, १५ मिलिमीटर वर जाणार. एवढा खटाटोप करून त्या गोळ्याखाली वाढली ती जागा दीड सेंटीमीटर! शेताच्या वाटेवर चार घमेली मुरूम टाकला तर याहून जास्त काम होतं.

दुसरी गोष्ट आपल्या घाटांची. उंच हंडा डोक्यावर घेऊन चालणारी बाई वळताना किती जपून वळते! गाडीचंही तसंच आहे. तिचं वजन जितकं वर जाईल, तितकी ती वळणावर जास्त कलते. अचानक कुत्रं किंवा गवा आडवा आला आणि स्टीअरिंग फिरवावं लागलं, तर उचललेली गाडी कलंडण्याचा धोका जास्त. आमचा नेहमीचा रस्ता आंबोलीच्या घाटातून सावंतवाडीला उतरतो. पाऊस, धुकं आणि वळणं यांची तिथे कधी कमी नसते. अशा रस्त्याला बुटकी गाडीच शहाणी.

शिवाय गाडी उचलली की तिचे दिवेही वर उचलले जातात. ते पुन्हा खाली बसवून घेतले नाहीत तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत पडतो. टायर मोठे केले की वेगाचा काटा कमी दाखवू लागतो. वर सांगितलेल्या मापात हा फरक चार टक्क्यांचा आहे. टायर जड झाला की ब्रेकला आणि इंजिनाला ओढ पडते, डिझेलही जास्त लागतं. बॉडी आणि आस यांच्यातलं अंतर बदललं की स्टीअरिंगचे सांधे आणि चाकांना फिरवणारा दांडा वाकड्या कोनात काम करतात आणि लवकर झिजतात. एका हौसेमागे किती खर्च चालत येतात बघा.

आणि हो, पायरी! दोन इंच किटचे आणि वर टायरचे. नऊवारीतल्या, गुडघे दुखणाऱ्या माझ्या सासूबाई एवढ्या उंच गाडीत चढणार कशा, याचा विचार सगळ्या चर्चेत एकानेही केला नव्हता. पाचवा-सहावा महिना लागलेल्या सुनेने कसं चढायचं, याचाही नाही. घरची गाडी ही घरातल्या सगळ्यांत अशक्त माणसाला बसता येईल अशी हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. "सगळेच करतात, कोण धरतंय!" असं म्हणणारे भेटतील. पण अपघात झाला आणि विम्याचा दावा लावायची वेळ आली, की गाडीतला हाच बदल विमा कंपनी पुढे करू शकते. तेव्हा किट विकणारा तुमच्या बाजूने उभा राहत नाही.

मला सगळ्यात भीती वाटते ती उंचीने येणाऱ्या खोट्या धीराची. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आपण विसरलेलो नाही. पाऊस लागला की आमच्या हिरण्यकेशीवरचे बंधारे पाण्याखाली जातात. गाडी उंच आहे, जाईल निघून, असं वाटतं. पण वाहतं पाणी दोन फूट असलं तरी मोठी गाडीसुद्धा उचलून नेतं. पाण्यात गाडी तरंगायला लागते आणि मोठे, हवेने भरलेले टायर तिला तरंगायला मदतच करतात. खालचा रस्ता राहिलाय की वाहून गेलाय, हे वरून कुणाला दिसतं? बंधाऱ्यावर पाणी असेल तर गाडी कितीही उंच असो, मागे फिरायचं. घरात हा नियम आपणच घालून द्यायला हवा.

मग पैसे घालायचे कशात? टायरमध्ये! गाडी केवढीही असो, रस्त्याला टेकलेली असते ती चार ठिकाणी, प्रत्येकी साधारण तळहाताएवढी. वेग, वळण, ब्रेक, सगळं त्या चार तळहातांवर. चारही चाकांना ताकद देणारी फोर बाय फोर गाडी चिखलातून बाहेर निघायला उपयोगी. थांबायचं असेल तेव्हा मात्र टायरची पकडच कामाला येते.

दुकानात तीन जाती सांगतात. एच टी म्हणजे डांबरी रस्त्याचे. एम टी म्हणजे चिखलाचे, मोठ्या गाठींचे. दोन्हींच्या मधले ए टी. एम टी चिखलात भारी, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी आणि आवाज फार. घरच्या गाडीला ते नकोतच. रोज लाल मातीच्या, दगडगोट्यांच्या वाटेने शेतावर जाणं असेल तर ए टी घ्यावेत. त्यांच्या बाजू सहसा दणकट असतात. थोडा आवाज आणि थोडं जास्त डिझेल सोसावं लागतं. शाळा, बाजार, कोल्हापूर एवढीच फेरी असेल तर एच टी उत्तम.

'ऑल वेदर' हा शब्द ऐकून मात्र भुलू नका. थंड देशांत बाराही महिने चालणाऱ्या टायरला तसं म्हणतात. त्याच्यावर डोंगराच्या चित्रात हिमाचा कण कोरलेला असतो आणि त्याचं रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहील असं केलेलं असतं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात असलं मऊ रबर लवकर झिजणार. आपल्याला बर्फ कुठे तुडवायचाय? आपल्याला हवाय तो पावसाचं पाणी खोल खाचांतून बाहेर फेकणारा टायर.

आता दुकानात काय बघायचं ते सांगते. साडीचा काठ तपासतो तसं टायरची बाजू तपासा. गाडीच्या पुस्तकात दिलेलं माप आणि टायरवरचं माप जुळतंय का? मापाच्या पुढचा आकडा भार सांगतो. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. पुस्तकात दिलाय त्यापेक्षा कमी आकड्याचा टायर घेऊ नका. मग शेवटी चार अंक एकत्र छापलेले शोधा. २३२५ असेल तर तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. औषधाची तारीख बघतो, पापडाच्या पाकिटाची बघतो, मग टायरची का नको? पाच वर्षं झालेला टायर दरवर्षी तपासून घ्यावा, दिसायला चांगला असला तरी.

घरच्या टायरच्या खाचांत लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की खाच १.६ मिलिमीटर उरली. कायद्याने तिथे टायर संपला. आपल्या पावसात तर ३ मिलिमीटरलाच बदलावा. हवा पुस्तकात किंवा दाराच्या चौकटीवर दिली असेल तेवढीच, आणि गाडी फार चाललेली नसताना भरावी. दोनच नवे टायर घेतले तर ते मागे बसवायचे. पुढे नको. पावसात मागची चाकं घसरली तर गाडी गरकन फिरते आणि सावरत नाही. आणि स्टेपनीही बघा, ती विसरली जाते.

हे सगळं विचारायला मी स्वतः दुकानात गेले. प्रश्न मी विचारत होते आणि दुकानदार उत्तरं यांच्याकडे बघून देत होता! तीनदा तसं झालं. चौथ्यांदा मी म्हटलं, "दादा, पैसे मी देणार आहे, इकडे बघून सांगा." मग तो हसला आणि नीट बोलला. आम्ही कंपनीच्याच मापाचे पाच ए टी टायर घेतले. किट घेतलं नाही. वाचलेले पैसे लेकीच्या हॉस्टेलच्या फीला गेले. भाऊजी चार दिवस गप्प होते. पाचव्या दिवशी शेताच्या वाटेवर मुरमाची ट्रॉली त्यांनीच टाकून घेतली.

हौसेला माझा विरोध नाही. बायकांनी पैठणी घ्यावी, पुरुषांनी गाडी सजवावी. पण पैठणी फाटली तर कुणाचा जीव जात नाही. ज्या हौसेवर सात माणसं घाट उतरतात, तिचा निर्णय एकट्याने आणि रुबाबासाठी घेतला जाऊ नये. घर घेताना आपलं मत विचारायला लागले, तेही भांडून झालं. आता गाडीचं बघू. पुढच्या वेळी टायरचा विषय निघाला की चहा टाकायला उठू नका. बसा आणि विचारा, माप काय, तारीख कुठली, आणि आई यात चढणार कशा?