घर बोलले तर बाळ बोलेल

पऱ्हे जोमदार नसतील तर रोवणी कितीही नेटकी झाली, तरी लोंबी भरत नाही. भंडारा जिल्ह्यातील धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. बालकाच्या भाषेचेही असेच आहे. तिचे पऱ्हे शाळेत नाव घालण्याच्या कितीतरी आधी घरातच टाकले जातात.

मातेचा स्वर बालकाला जन्मापूर्वीच ओळखीचा झालेला असतो. सहा-सात महिन्यांच्या सुमारास ते ‘बा-बा’, ‘मा-मा’ असे ध्वनी काढू लागते. वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडले जातात. भारतीय परंपरेने परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी असा वाणीचा क्रम सांगितला. उच्चारलेला शब्द ही त्यातील अखेरची पायरी. बालक बोलण्यापूर्वी पुष्कळ ऐकते व समजते, हे आजचे बालविकासशास्त्रही सांगते.

मात्र ऐकणे म्हणजे कानावर आवाज पडणे नव्हे. बाळाने हुंकार द्यावा, आजीने त्याला उत्तर द्यावे, या देवाणघेवाणीतून भाषा रुजते. भ्रमणध्वनीचा पडदा अखंड बोलतो, पण बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवण्याची, तर दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एका तासाहून अधिक वेळ न देण्याची शिफारस केली. घास भरविण्यासाठी बाळाच्या हाती यंत्र देणाऱ्या सुशिक्षित घरांनी हे ध्यानी घ्यावे.

दुसरे संकट अधिक सूक्ष्म आहे. ते म्हणजे स्वतःच्या बोलीची लाज. साकोली, लाखनी, लाखांदूर या परिसरात घरोघरी झाडीबोली नांदते. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी तिचे स्वतंत्र भाषिक वैभव पुढे आणले. तरीही ‘पानी’ म्हणणाऱ्या चिमुरड्याला वर्गात हसू ऐकावे लागले, तर ते ‘पाणी’ म्हणायला शिकण्याआधी गप्प राहायला शिकते. दुसरीकडे, इंग्रजी माध्यमाच्या मोहापायी काही पालक स्वतःलाच नीट न येणाऱ्या भाषेत तान्ह्याशी बोलतात. बांधी, बोडी, रोवणी हे शब्द ज्याच्या अनुभवातले आहेत, त्याचे विचारविश्वही त्यांतूनच घडते. प्रमाण मराठी, हिंदी, इंग्रजी अवश्य यावी. पण घरची बोली पुसून नव्हे, तिच्या आधारावर.

मात्र प्रेमाने बोलूनही मूल बोलत नसेल, तर ‘बापही उशिराच बोलला होता’ असे म्हणून वर्षे दवडणे हा अपराध ठरेल. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही, हाकेला प्रतिसाद नाही किंवा आलेले शब्द हरवू लागले, तर प्रथम श्रवणशक्ती तपासून घ्यावी. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बालकांच्या श्रवणदोषाची व भाषाविलंबाची तपासणी अंतर्भूत आहे. हा नवस-गंड्यांचा विषय नव्हे, आणि मातेला दोष देण्याचा तर मुळीच नव्हे.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षण वंचितांच्या अंगणापर्यंत नेले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा अथवा मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे, असे म्हटले. संघाच्या अखिल भारतीय प्रतिनिधी सभेनेही २०१८ मध्ये भारतीय भाषांच्या संवर्धनाचा ठराव केला. परंतु ठरावाने बाळाचे बोल फुटत नाहीत. कुटुंब प्रबोधनात रमणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने आधी स्वतःच्या घरात, दिवेलागणीनंतर, पडदा बंद करून अर्धा तास मुलांशी बोलावे. वस्तीतील अंगणवाडीत आठवड्यातून एकदा एखाद्या आजीने झाडीबोलीतच गोष्ट सांगावी. गप्प मूल दिसले, तर त्याच्या पालकांसोबत दवाखान्यापर्यंत जावे.

मातृभाषेचा अभिमान भाषणात मिरविणे सोपे आहे. त्याची खरी कसोटी तान्ह्या बाळाच्या हुंकाराला घरातून मिळणाऱ्या उत्तरात आहे. पऱ्हे वेळीच टाकावे लागतात. हंगाम उलटून गेल्यावर केलेली धावपळ शेताला उपयोगी पडत नाही, आणि मुलालाही नाही.