मालमत्तेची यादी

शहाणे सांगतात, मृत्युपत्र करा, ट्रस्ट करा, अपंग लेकराची सोय लावूनच डोळे मिटा. कशातून लावायची? जळगावची खान्देश मिल गेली, अमळनेरची प्रताप मिल गेली. आम्ही जिनात सरकी उपसणारे. बापाच्या नावावर पत्र्याची एक खोली. तिशीतल्या मतिमंद पोराला घास भरवताना म्हातारी पुटपुटते, ‘मना मांगे यानं कसं व्हई?’

1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. पोर अठराचं झालं की आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. कलेक्टरच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. नेमल्यावर सहा महिन्यांत पोराच्या मालमत्तेची यादी द्या म्हणे. यादी! काय लिहायचं, एक गोधडी न् एक जर्मनची थाळी?

आणि दोस्तांनो, आपण? बाबासाहेब 1937 ला उतरले म्हणून दर 31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर गर्दी करतो. वस्तीतला असा एक तरी अर्ज कुणी भरलाय? कायदा पालक देतो, भाकर न् छप्पर देत नाही. तेही मागायचंय, तालुक्या-तालुक्यात निवारा, सरकारी खर्चानं. आधी घरोघर जाऊन नावं लिहा. मग ती यादी घेऊन धुळ्याच्या, जळगावच्या कलेक्टर कचेरीवर चला.