बसचा हप्ता आणि चालकाची झोप

'चालकाचा ताबा सुटल्याने बस उलटली.' अपघाताच्या बातमीतले हे वाक्य मी कितीतरी वर्षे वाचत आलो आहे. गावाचे नाव बदलते, मृतांचा आकडा बदलतो; वाक्य मात्र तेच राहते.

बँकेत रोकड जुळली नाही, तर 'कॅशियर चुकला' एवढे लिहून आम्हाला घरी जाता येत नसे. दुसरी किल्ली कोणाकडे होती, तपासणी कोणी केली, हे सारे विचारले जाई. पैशांच्या बाबतीत आपण एवढे काटेकोर, आणि माणसे गेली की एका वाक्यात फाइल बंद!

१ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली. २५ जण गेले. बस नेमकी दाराच्या बाजूवर पडली होती. काही जण काच फोडून बाहेर आले म्हणून वाचले. टायर फुटला की चालकाला डुलकी लागली, यावर पुष्कळ चर्चा झाली. व्हायलाच हवी. पण दार खाली दबले तर माणसांनी बाहेर पडायचे कुठून? हा प्रश्न चालकाचा नव्हे. बस बांधणाऱ्याचा आणि ती तपासून दाखला देणाऱ्याचा आहे.

मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. नोकरीत असताना बस घेण्यासाठी मी कर्जे मंजूर केली आहेत. अर्जासोबत उत्पन्नाचा तक्ता असे. महिन्याला इतक्या फेऱ्या, इतके प्रवासी. वजा डिझेल, टायर, पगार. हप्ता बसत नसेल, तर 'चार फेऱ्या जास्त धरा' असे मीच सुचवत असे. त्या चार फेऱ्या मारणारा माणूस झोपणार कधी, याचा रकाना तक्त्यात नव्हता. मीही कधी विचारले नाही.

वास्तविक चालकाला साधारणपणे दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, हे आपल्याकडे १९६१ सालीच कायद्यात आले. कागद होता, पाहणारे डोळे कमी पडले.

उपाय काही अवघड नाहीत. रात्रभराच्या बसवर दोन चालक हवेत, आणि दुसऱ्याला धड पाठ टेकता येईल अशी जागा हवी. संकटकालीन दार उघडून पाहिलेले हवे, त्याच्या वाटेत पार्सले नकोत. अपघात झाला की चालकाच्या परवान्याबरोबर मालकाचे महिन्याच्या फेऱ्यांचे वेळापत्रकही पोलिसांनी मागवावे.

आणि आपण प्रवासी? तिकीट काढताना एसी आहे का, खिडकी मिळेल का, पन्नास रुपये कमी होतील का, एवढेच आपण विचारतो. गाडी तासभर उशिरा पोचली, तर त्याच चालकाशी भांडतो.

माझी नात सुट्टीत रात्रीच्या बसने येते. गेल्या खेपेला मी तिला, गाडीवर चालक किती, हे विचारायला लावले. ती फोनवर म्हणाली, "आजोबा, ते हसले. म्हणाले, तुम्हाला काय करायचंय?"

मी म्हटले, "हसू देत. पुन्हा विचार."

मी खुर्चीवर होतो, तेव्हा हाच प्रश्न विचारला असता, तर कोणी हसले नसते. उत्तर द्यावेच लागले असते.