आकाशातली चंद्रभागा

या सदरात मी एरवी शब्दांच्या खोड्या काढतो. यंदा एका शब्दाने माझीच काढली.

गणपतीला पुतणी घरी आली होती. ती खगोलशास्त्र शिकते, मी मराठी शिकवतो. तेव्हा आमचे संभाषण बहुधा मोदकांपलीकडे जात नाही. या खेपेस ती सहज म्हणाली, "काका, आकाशात सिंधू आहे, झेलम, रावी आणि चिनाबसुद्धा आहे."

मी मोदक खाली ठेवला. चिनाब म्हणजे चंद्रभागा! चंद्र आणि भागा यांच्या संगमातून निघालेली, आमच्या पंढरपूरच्या नदीची नावबहीण. ती वर कशी पोहोचली?

या नद्या म्हणजे ताऱ्यांचे प्रवाह. चिलीतल्या चार मीटर व्यासाच्या दुर्बिणीने केलेल्या पाहणीत असे अकरा नवे प्रवाह सापडल्याचे २०१८ च्या जानेवारीत जाहीर झाले, आणि त्यांतल्या बहुतेकांना पृथ्वीवरच्या नद्यांची नावे मिळाली. नुसत्या डोळ्यांनी त्यांतला एकही दिसत नाही. आपली चंद्रभागा सुमारे १ लाख ३० हजार प्रकाशवर्षे दूर आहे. मधल्या ताऱ्यांच्या गर्दीतून सारख्या वयाचे, सारख्या घडणीचे नि सारख्या अंतरावरचे तारे वेचून काढावे, तेव्हा तो पट्टा उमटतो.

"पण हे होतात कसे?"

एखादी लहानशी दीर्घिका किंवा तारकागुच्छ आपल्या आकाशगंगेभोवती फिरत असतो. त्याच्या जवळच्या बाजूला आकाशगंगेची ओढ जास्त, दूरच्या बाजूला कमी. त्याची स्वतःची पकड सैल असली की दोन्ही टोकांकडून तारे निसटू लागतात.

"फाटक्या पोत्यातून ज्वारी सांडत जाणारी बैलगाडी!" मी उपमा दिली. उपमा दिल्याशिवाय आम्हा मराठीच्या मास्तरांना समजल्यासारखे वाटत नाही.

"ज्वारी रस्त्यावर पडून राहते, काका. हे तारे चालतच राहतात. शिवाय निम्मे तुमच्या गाडीच्या पुढे जातात." आतल्या बाजूने सुटलेल्याची प्रदक्षिणा लवकर पुरी होते, तो पुढे सरकतो, बाहेरून सुटलेला मागे रेंगाळतो. कोट्यवधी वर्षांत एका गोळ्याचा लांबच लांब दोरा होतो. धनुराशीतली एक खुजी दीर्घिका १९९४ मध्ये सापडली, तिच्या ताऱ्यांनी तर आकाशगंगेला वेढाच घातला आहे.

मग तिने रांगोळीची वाटी ओढली आणि फरशीवर एक कमान काढली. २००६ च्या सुमारास उत्तरेच्या आकाशात एक प्रवाह सापडला. तो कुणापासून सुटला हे काही केल्या कळेना, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याचे नाव 'अनाथ' ठेवले. पुढे गाया या युरोपीय उपग्रहाने १३० कोटींहून अधिक ताऱ्यांची स्थाने व गती मोजून दिल्या. त्या आधाराने २०१९ मध्ये लक्षात आले, की उत्तरेचा अनाथ आणि दक्षिणेची चंद्रभागा हा एकच प्रवाह आहे! दोन्ही तुकडे जोडल्यावर त्याची लांबी आकाशात २१० अंश भरली. अर्ध्या आकाशाहून जास्त.

इथे 'प्रवाह' या शब्दाने मला दगा दिला. नदीचे पाणी पात्रातूनच वाहते. या चंद्रभागेच्या दक्षिण भागातले तारे मात्र पात्राच्या दिशेने जात नाहीत, तिरके सरकतात. एखादी दिंडी रस्त्याने निघावी आणि वारकऱ्यांची पावले शेताकडे वळलेली असावीत, तसे. (ही उपमा मात्र तिने मान्य केली.)

कुणीतरी बाजूने ओढत होते. ते निघाले मोठे मॅगेलानी मेघ, दक्षिण गोलार्धातून ढगाच्या तुकड्यासारखी दिसणारी शेजारची दीर्घिका. प्रवाह किती वाकला यावरून तिचे वजन काढले, तर ते १०० अब्ज सूर्यांहून जास्त, आपल्या आकाशगंगेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास भरले. त्यातला बहुतेक भाग अदृश्य द्रव्याचा. तो कोणत्याच दुर्बिणीत दिसत नाही. बरे, ती पाहुणी नुसत्या प्रवाहालाच नव्हे, आपल्या आकाशगंगेलाही स्वतःकडे खेचते आहे. हिशेबात हे धरल्याशिवाय तिरकी चाल जमतच नाही. पाचपन्नास पुसट ताऱ्यांच्या चालीवरून एवढे मोठे माप काढता येते, हे मला त्या अकरा नद्यांपेक्षाही नवलाचे वाटले.

आमच्या मातोश्री इतका वेळ वाती वळत ऐकत होत्या. त्या पंढरपुरात मामाकडे वाढल्या. त्यांच्या आईचा चेहराही त्यांना आठवत नाही. घरात फोटो नव्हता. 'अनाथ' हा शब्द त्यांच्यासमोर आम्ही सहसा उच्चारत नाही. त्या दिवशी पुतणीच्या ध्यानात राहिले नाही आणि मला तिला थांबवायचे सुचले नाही.

त्यांनी रांगोळीकडे पाहत विचारले, "मग याची आई सापडली का गं?"

"नाही आजी, खात्रीने नाही. एक-दोन नावं पुढे आली होती, पण जमेना. बहुतेक ती सगळीच विरघळली असेल. लहान दीर्घिका होती एवढं ताऱ्यांच्या घडणीवरून कळतं."

"एवढं तरी कळतं," त्या म्हणाल्या. मग हातातली वात तबकात ठेवून म्हणाल्या, "अजून शोधतायत ना?"

"हो."

"शोधू देत. आणि ती रांगोळी आत्ताच पुसू नकोस."